'महिन्यात केस कायमचे जातात' म्हणे!

तो मेसेज काल चौथ्यांदा आला म्हणून आता लिहितेच. "डॉक्टरकडून एफ्लोर्निथिनचं क्रीम लिहून घ्या, महिन्यात चेहऱ्यावरचे केस मुळासकट गळतात, परत येत नाहीत, हार्मोन्स पण ठीक होतात, पण मधेच सोडलं तर दुप्पट येतात." परत येत नाहीत पण आणि दुप्पट येतात पण, एकाच दमात!

तर केस गळत नाहीत. हे हेअर रिमूव्हल क्रीम नाहीये की लावलं, पुसलं, झालं. केसाच्या मुळाशी ऑर्निथिन डीकार्बोक्सिलेज नावाचं एक एन्झाइम असतं, केस वाढायला ते लागतं, हे औषध त्यालाच अडवतं, म्हणून केस हळू वाढतात आणि काहीजणींचे जरा बारीक, मऊ येतात. आधीचा केस जिथल्या तिथे, तो तुम्हीच काढायचा. म्हणजे थ्रेडिंग, प्लकिंग, शेव्हिंग जे काय करता ते चालूच, फक्त कमी वेळा करावं लागतं. केस काढल्यावर निदान ५ मिनिटं थांबा मग लावा, मी घाईत लगेच लावलं होतं, असलं झोंबलं की विचारू नका.

महिन्याचं म्हणाल तर, दिवसातून दोनदा, मधे कमीत कमी ८ तास, लावल्यावर ४ तास तोंड धुवायचं नाही, एवढं सगळं पाळलं तर ४ ते ८ आठवड्यांत फरक दिसायला लागतो. तोही सगळ्यांना नाही. ट्रायलमध्ये २४ आठवडे लावून साधारण ३२ टक्के बायकांना ठळक फरक पडला, नुसतं औषध नसलेलं क्रीम लावणाऱ्यांत ८ टक्क्यांना. चार-सहा महिन्यांत काहीच नाही झालं तर सोडून द्यायचं.

आणि सोडलं की साधारण ८ आठवड्यांत सगळं पहिल्यासारखं. पहिल्यासारखं हं, दुप्पट नाही. मधे कमी केसांची सवय झालेली असते त्यामुळे तेवढेच केस जास्त वाटतात.

मेसेजखाली कुणीतरी जोडलंय की हे आफ्रिकेतल्या निद्रारोगाचं (माशी चावून होणारा जीवघेणा आजार) विषारी औषध आहे. निद्रारोगाला देतात हे खरंय, पण तिथे शिरेतून, रोज कित्येक ग्रॅम. क्रीममधलं १ टक्क्याहून कमी अंगात जातं. पिंपल्स, लाली, चुरचुर होऊ शकते, गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर आधी डॉक्टरांना सांगा.

हार्मोन्सवाली ओळ मात्र मला सगळ्यात जास्त खटकली. हे क्रीम हार्मोन्सना हातही लावत नाही. पीसीओएस (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते, केस वाढतात तो त्रास) असेल तर तो तसाच राहणार, क्रीम लावून फक्त हनुवटी बरी दिसेल. केस अचानक जाड आणि भराभर यायला लागले, पाळी चुकतेय, आवाज घोगरा होतोय असं असेल तर क्रीम नंतर, आधी टेस्टोस्टेरॉनची रक्त तपासणी करून घ्या.