60 अधिक 60 बरोबर 120, पण कशाचे?

पाऊस सुरू झाला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. 'फिजिक्सने सिद्ध केलेली 5 सत्यं, घोडबंदर आणि पामबीचवर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला पाठवा.' ती सत्यं थोडक्यात अशी. 60 च्या वेगाने दोन गाड्या समोरासमोर धडकल्या तर ते 120 ने भिंतीवर आदळण्यासारखंच. ब्रेक चांगले असतील तर 60 आणि 80 मध्ये थांबायला फार तर 5-7 मीटरचा फरक. नव्या गाड्या डब्यासारख्या चेपतात, त्यापेक्षा जाड पत्र्याच्या जुन्या गाड्या बऱ्या. मागे बसणाऱ्याला बेल्टची गरज नाही, मूल मांडीवर घट्ट धरलं की झालं. आणि उतारावर न्यूट्रल टाकलं की पेट्रोल वाचतं.

पहिलं अर्धवट खरं आहे, म्हणून त्यावर जास्त वेळ घालवू. बाकीची चार चुकीची आहेत आणि त्यातली दोन-तीन जिवावर बेतणारी. तपासायला नववीच्या विज्ञानाची पहिली दोन प्रकरणं पुरतात: गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा. हिशेबासाठी गाडी 1000 किलोची धरू. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 16.7 मीटर.

'60 आणि 60 म्हणजे 120 ची भिंत'

गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचं निम्मं. 60 च्या वेगात आपल्या गाडीची ऊर्जा साधारण 1.39 लाख ज्यूल. समोरून अगदी तशीच गाडी तेवढ्याच वेगाने आली, तर दोघींचे संवेग (वस्तुमान गुणिले वेग) सारखे पण उलट दिशेचे, म्हणून बेरीज शून्य. धडकल्यावर दोन्ही गाड्या जागच्या जागी थांबतात. एकूण 2.78 लाख ज्यूल जिरवायचे असतात, पण जिरवायला गाड्याही दोन असतात. तुमच्या बॉनेटच्या वाट्याला 1.39 लाखच येतात. न हलणाऱ्या भिंतीवर 60 ने आदळला असतात तरी हेच झालं असतं. धडकेच्या जागी मधोमध एक चादर टांगली आहे असं समजा. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतील तर चादर इकडेही सरकत नाही, तिकडेही नाही. तुमच्या गाडीसाठी ती चादर हीच भिंत.

आता 120 ने भिंत. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट: 5.56 लाख ज्यूल, आणि जिरवायला तुमची गाडी एकटी. मेसेजने दोन वेग मिळवले आणि उत्तर ऊर्जेचं काढलं. वेगांची बेरीज करून ऊर्जा निघत नाही.

मग 120 हा आकडा खोटा आहे का? नाही, सापेक्ष वेग 120 च आहे. फक्त त्याची तुलना भिंतीशी नाही, हँडब्रेक न लावता उभ्या असलेल्या तसल्याच गाडीशी करायला हवी. 120 ने तिच्यावर आदळून दोन्ही अडकल्या, तर संवेग अक्षय्यतेने (धडकेआधी आणि नंतर एकूण संवेग तेवढाच राहतो) जोडगोळी 60 च्या वेगाने पुढे जाते. सुरुवातीला 5.56 लाख, धडकेनंतर गतीत उरले 2.78 लाख, पत्रा चेपण्यात गेले 2.78 लाख. समोरासमोरच्या टकरीत गेले होते तेवढेच. उभी गाडी चेपते आणि सरकते. भिंत यातलं काहीच करत नाही.

एका बाबतीत मात्र मेसेज खऱ्याच्या जवळ जातो, आणि घोडबंदर रोडवर तीच बाब रोजची आहे. न्हावा-शेवाच्या जेएनपीए (पूर्वीचं जेएनपीटी) बंदराकडून गुजरातकडे जाणारी जड वाहनं याच रस्त्याने जातात. समोरून 15 टनांचा ट्रक 60 ने आला, तर एकूण संवेग शून्य होत नाही. धडकेनंतर दोन्ही वाहनं ट्रकच्या दिशेने ताशी 52.5 किलोमीटरने जातात. म्हणजे ट्रकचा वेग 7.5 ने बदलला आणि तुमचा 112.5 ने, तोही उलट दिशेला. बल मात्र दोघांवर सारखंच होतं, हे विद्यार्थ्यांना पटता पटत नाही. संवेगातला बदलही सारखाच, सुमारे 31,250 एकक. तो 1000 किलोत वाटला की वेग प्रचंड बदलतो आणि 15,000 किलोत वाटला की ड्रायव्हरला नुसता धक्का बसतो. तेव्हा इथे 120 च्या आसपासचा आकडा येतो तो वस्तुमानातल्या तफावतीमुळे. समोर तुमच्यासारखीच गाडी असेल तर येत नाही.

नव्या गाड्यांना सुरक्षिततेचे स्टार्स देणाऱ्या भारत एनसीएपीच्या धडक-चाचणीतही हेच गृहीत आहे. गाडी 64 च्या वेगाने अडथळ्यावर सोडतात, समोरचा फक्त 40 टक्के भाग आदळवतात, आणि अडथळ्यावर ॲल्युमिनियमची मधाच्या पोळ्यासारखी चेपणारी जाळी असते. साधारण आपल्यासारखीच गाडी समोरून आल्याचा तो नमुना आहे. त्या स्टार्सवरून ट्रेलरशी टकरीचा अंदाज बांधू नये.

'80 ने गेलो तर फार तर 5-7 मीटर जास्त'

ब्रेक चाक अडवतात, गाडीला थांबवतं ते टायर आणि रस्त्यामधलं घर्षण. ब्रेक कितीही महागडे असले तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. घर्षणबलाने केलेलं कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, आणि ते सगळ्या गतिज ऊर्जेइतकं व्हावं लागतं. वस्तुमान दोन्हीकडून कटतं आणि उरतं एवढंच: अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं.

कोरड्या डांबरावर घर्षणगुणांक (टायरच्या पकडीचं माप) 0.7 धरला तर ब्रेक लागल्यापासून 40 ला 9 मीटर, 60 ला 20, 80 ला 36. ओल्या रस्त्यावर 0.4 धरा, मग 60 ला 35 आणि 80 ला 63. यात पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ नाही. तो 1 सेकंद धरला तर 60 ला 17 मीटर आणि 80 ला 22 मीटर आधीच संपलेले असतात.

खरी गंमत (गंमत कसली म्हणा) पुढे आहे. कोरड्या रस्त्यावर 37 मीटरवर कोणीतरी रस्ता ओलांडतंय. 60 वाली गाडी त्याच्यापुढे जेमतेम थांबते: 17 अधिक 20. शेजारच्या लेनमधल्या 80 वालीने त्याच क्षणी त्याला पाहिलं. तिचे 22 मीटर विचारात गेले, ब्रेकसाठी उरले 15. तेवढ्यात तिची ऊर्जा 40 टक्क्यांच्या आसपास कमी होते. हिशेब केला तर त्या माणसापर्यंत पोचताना तिचा वेग ताशी साधारण 61 किलोमीटर असतो. म्हणजे पहिली गाडी ज्या वेगाने निघाली होती, जवळपास त्याच वेगाने दुसरी माणसाला उडवते. मेसेजमधले '5-7 मीटर' ते हेच.

वर्गाची ही भानगड आकड्यांनी पटत नसेल तर घरी करून पाहा. गणपतीसाठी आणलेली शाडूची माती इडलीच्या पिठाइतकी सैल नको, पोळीच्या कणकेइतकी घट्ट मळा. डब्यात 8-10 सेंटीमीटर थर दाबून सपाट करा. सायकलच्या दुकानातली मोठी लोखंडी गोळी 25 सेंटीमीटरवरून सोडा, मग डब्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात 1 मीटरवरून. उंची चौपट झाली की पडतानाचा वेग दुप्पट होतो, 2.2 वरून 4.4 मीटर प्रतिसेकंद. आता बहुतेक जण पट्टी घालून खळग्याची खोली मोजतात आणि 'दुप्पटच आली की' म्हणतात. तिथेच फसतात. गोल खळगा उथळ असताना खोली दुप्पट झाली की आकारमान जवळपास चौपट होतं, आणि ऊर्जा जाते ती माती बाजूला सारण्यात, म्हणून मोजायचं आकारमान. ड्रॉपरने खळग्यात तेल भरा आणि थेंब मोजा (पाणी माती पिऊन टाकते). गुणोत्तर चारच्या आसपास यायला हवं. गोळी उसळली तर माती फार घट्ट झाली, खळग्याच्या कडा ढासळल्या तर फार सैल.

हे भांडण जुनं आहे. गतीचं खरं माप वेग की वेगाचा वर्ग, यावर जर्मन तत्त्वज्ञ-गणिती लायब्निझने 1686 मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या अनुयायांशी वाद सुरू केला होता. 1722 मध्ये डच शास्त्रज्ञ ग्रावेसांडे यांनी मऊ मातीत पितळी गोळे पाडून वर्गाच्या बाजूने पुरावा दिला. आज आपण म्हणतो दोन्ही खरं: एक संवेग, दुसरी ऊर्जा. मेसेज अजून 1686 च्या आधीचाच आहे.

'जुना जाड पत्रा बरा'

60 वरून शून्यावर येताना संवेगातला बदल ठरलेला. तो किती वेळात होतो यावर बल ठरतं. बॉनेट 60 सेंटीमीटर चेपलं तर थांबायला 0.07 सेकंद मिळतात आणि आतल्या बांधलेल्या माणसाला सरासरी 24 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 24 पट) सोसावे लागतात. जाड पत्रा 20 सेंटीमीटरच चेपला तर 0.024 सेकंद आणि 71 जी. गाडी शाबूत दिसते ती आतल्या माणसाच्या बरगड्यांच्या जिवावर. चेपणारं तोंड आणि न चेपणारी केबिन ही रचना इंजिनिअर बेला बारेनी यांनी मर्सिडीजसाठी पेटंट केली, आणि 1959 पासून ती रस्त्यावरच्या गाड्यांत आहे. नवी गाडी चेपते ती मुद्दाम.

शिकवणाऱ्यांसाठी एक टीप. भिंत गाडीवर 'कार्य' करते असं फळ्यावर लिहू नका. जिथे स्पर्श होतो तो बिंदू हलतच नाही, म्हणून भिंतीचं कार्य शून्य. 60 सेंटीमीटर सरकतो तो गाडीचा वस्तुमानमध्य, आणि गाडीची स्वतःचीच गतिज ऊर्जा पत्रा वाकवण्यात खर्च होते.

'मागे बेल्ट कशाला, मूल धरलं की झालं'

50 चा वेग, गाडी 60 सेंटीमीटरमध्ये थांबली. 10 किलोच्या मुलाला तेवढ्याच अंतरात थांबवायला सरासरी 1600 न्यूटन लागतात, म्हणजे हातांत 160 किलोचं पोतं पेलल्यासारखं, आणि तेही डोळ्यांची पापणी लवण्याआधी. कोणाच्याही हातून मूल सुटणारच. बेल्ट न लावलेला 60 किलोचा माणूस गाडी थांबली तरी 50 नेच पुढे जातो आणि समोरच्या सीटवर 10 सेंटीमीटरमध्ये थांबतो: जवळपास 58,000 न्यूटन, सहा टनांच्या आसपास. समोर बसलेल्याच्या पाठीत हे बसतं. 50 चा वेग म्हणजे 9.8 मीटरवरून पडणं, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून. कायद्याचं म्हणाल तर बेल्ट मागेही सक्तीचाच, आणि मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने दंड 1000 रुपये केला.

'उतारावर न्यूट्रल'

10 मीटर उंचीवरून खाली आलं की मिळालेली ऊर्जा साधारण ताशी 50 च्या गाडीइतकी असते, गाडी हलकी असो वा जड. घोडबंदर रोडवरचा गायमुख घाट उतरताना वेग वाढू द्यायचा नसेल तर दर 10 मीटर उतरणीला ही ऊर्जा कुठेतरी जायला हवी. गाडी गिअरमध्ये असेल तर बराच भाग इंजिन ओढून घेतं. न्यूट्रलमध्ये हवेच्या आणि टायरच्या विरोधात थोडीफार जाते, बाकीची ब्रेकमध्ये उष्णता होते. डिस्क तापते, ब्रेकचं फ्लुइड उकळलं की पेडल स्पंजसारखं खाली जातं. आणि पेट्रोल? फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत, गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजिनला पेट्रोल जाणं बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावं लागतं. 'बचत' म्हणून कोणी चावीच बंद केली तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, आणि त्यानंतर पेडल पायाला दगडासारखं लागतं.