'येन'वरच्या कमेंटला उत्तर (लांबलंय, सॉरी)

नमस्कार काका,

सही म्हणून तुम्ही नुसतं 'एक जुना इंदूरकर' लिहिलंय, पण चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं असंही म्हटलंय, तेव्हा काकाच म्हणते. आणि मला मॅडम नका म्हणू प्लीज, इंदूरच्या रामबागेत वाढलेय मी, कुणी मॅडम म्हटलं की मागे वळून बघते कोण आलं ते.

ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मी लिहिलं होतं की इंग्रजीत एखाद्या गोष्टीची अनावर ओढ सांगायला 'येन' असा छोटासा शब्द आहे, कुणाला समुद्राची येन असते, कुणाला रात्री बारा वाजता गोड खायची, आणि हा शब्द मुळात अफूच्या तलफेचा चिनी शब्द आहे, आणि त्यामागची अफू आपल्या इंदूरहून गेली. त्यावर काकांचं म्हणणं असं: एक, हे व्हॉट्सअ‍ॅप छाप संशोधन आहे, 'येन' म्हणजे 'यर्न'चं (yearn, आस लागणं) झिजलेलं रूप हे आठवीतल्या पोरालाही कळेल. दोन, माणसाच्या मनातल्या हुरहुरीला मी अफूच्या अड्ड्यावर नेऊन बसवलं. तीन, इंदूरला उगाच मधे ओढलं, लाइक्ससाठी. आणि मराठीत ओढ, आस, हुरहुर असे शब्द असताना इंग्रजीची ही हौस कशाला.

तिसऱ्या मुद्द्यात तुम्ही बरोबर आहात, निदान निम्मे. त्यावर शेवटी येते. पहिल्यात नाही.

यर्न आणि येन कानाला सारखे लागतात हे खरंय. पण सारखं ऐकू येणं म्हणजे नातं असतंच असं नाही ना काका. आपल्याकडचंच बघा, अफूला संस्कृतात अहिफेन म्हणतात, सापाच्या तोंडचा फेस. काय जबरदस्त शब्द आहे, ऐकलं की वाटतं आपल्या वैद्यांनी विचार करकरून ठेवला असणार. प्रत्यक्षात काय, ग्रीकमध्ये झाडाच्या रसाला 'ओपोस', त्यावरून 'ओपिऑन', अरबीत त्याचं 'अफ्यून' झालं, आणि ते इथे आल्यावर कुणातरी पंडिताने आपल्या ओळखीच्या दोन शब्दांचा अंगरखा त्याला घातला. अंगरखा इतका फिट बसला की आत परदेशी माणूस आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. यर्न आणि येनचं डिट्टो हेच झालंय.

येनचे छापील इंग्रजीतले सुरुवातीचे वापर बघितले तर सगळे अफूच्या धुरातले आहेत. १८७६ मध्ये तो 'यिन' असा दिसतो, अर्थ एकच, अफूची तीव्र तलफ. १९०० च्या सुमारास 'येन-येन' असा जोडून येतो. मग १९०६ च्या आसपास अफू मागे राहते आणि कुठल्याही गोष्टीची ओढ म्हणजे येन, असं सुरू होतं. यर्नची पिलावळ असती तर उलट झालं असतं, आधी साधी ओढ आणि मग कधीतरी अफू. शिवाय हा शब्द अमेरिकेत घडला आणि तिथले बहुतेक लोक 'र' चांगला वळवून बोलतात, 'र' गिळायची सवय लंडनकडच्यांची, मग यर्नमधला 'र' गेला कुठे?

अमेरिकेत तो पोचला कसा हेही त्यातच आलं. १८४९ च्या सोन्याच्या धावपळीत आणि नंतर रेल्वेच्या कामावर (ती पूर्व-पश्चिम जोडणारी लाइन १८६९ मध्ये पूर्ण झाली, पश्चिमेकडचे डोंगर फोडले ते मुख्यतः चिनी मजुरांनी) दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातून हजारो माणसं कॅलिफोर्नियात गेली. त्यांची बोली कँटोनीज. अफूचे अड्डे निघाले, तिथे गोरेही जाऊन पडायला लागले, १८७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने अड्ड्यांविरुद्ध कायदा केला. त्या अड्ड्यांवरची पूर्ण भाषाच इंग्रजीत आली होती, नळीत उरलेल्या राखेला 'येन-शी', अफूची गोळी टोचून दिव्यावर धरायच्या सुईला 'येन-हॉक'. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर इथे एक गुंता आहे जो मी मूळ पोस्टमध्ये टाळला होता. चिनीत दोन वेगळे शब्द आहेत, एक तलफेचा आणि एक धुराचा, अमेरिकन कानाला दोन्ही येनच. राखेतला येन धुराचा. ओढीचा येन कोशकार बहुधा तलफेच्या शब्दाकडे नेतात, कुणी धुराचीही शक्यता लिहून ठेवतात. पण दोन्ही वाटा अड्ड्यातूनच जातात. (तलफेच्या त्या चिनी अक्षरावर आजाराची खूण असते, ताप, खरूज, वेड यांच्या अक्षरांवर असते तीच. खूण काढली की उरणाऱ्या भागाचा अर्थ होतो 'लपलेलं'. लगेच कविता करू नका कुणी, तो भाग तिथे फक्त उच्चारासाठी आहे.)

आणि जपानच्या येनचा याच्याशी संबंध नाही, कमेंटमध्ये दोघांनी विचारलंय. तो 'गोल' या अर्थाच्या शब्दावरून आला, नाण्यावरून.

तरी काका, तुमचं म्हणणं अगदीच वाया नाही. येन इतका पटकन साध्या बोलण्यात मिसळला त्याला यर्नचं शेजारपण कारण असणार असं कोशही म्हणतात. लोकांना वाटलं हा तर आपलाच, घरातला. म्हणजे यर्नने त्याला जन्म दिला नाही, पण दत्तक घेतलं म्हणा. आणि यर्न खरोखर मोठ्या घरचा आहे बरं का, जुन्या इंग्रजीत 'गिएर्नान', जर्मनमध्ये आनंदाने, मनापासून या अर्थाचा 'गेर्न', आणि तेच मूळ आपल्या संस्कृत 'हर्यति'मध्ये, हवंसं वाटणं. म्हणजे तुमचा शब्द आपल्या नात्यातला निघाला आणि माझा आपल्या धंद्यातला.

आता अड्ड्यावर नेऊन बसवण्याबद्दल. ओढीचा कुठलाही शब्द खरवडला की खाली शरीरच लागतं, मी काय करू. इंग्रजीत झुरण्याला 'पाइन' म्हणतात ते त्या झाडावरून नाही, लॅटिनमध्ये शिक्षेला 'पोएना', त्यातून छळ, त्यातून झुरणं, 'पेन'चा सख्खा भाऊ. 'लाँग' म्हणजे आस लागणं, तो लांब या अर्थाचाच लाँग, जुन्या इंग्रजीत ते क्रियापद लांबत जाणं अशाच अर्थाचं. हा मला सगळ्यात आवडतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा न्यायला येणार असला की ती दुपार कशी वाढत जायची.

आणि आपण कुठले सोवळे? तलब बघा ना. इंदूरच्या हिंदीत चायची तलब लगती है, मराठीत घरी येऊन तिचीच तलफ होते. अरबीत तलब म्हणजे मागणं, शोधणं, पूर्वी पगारालाही तलब म्हणायचे, आणि विद्या मागायला आलेला तो तालिब, विद्यार्थी. म्हणजे पुडी शोधत फिरणारा आणि ज्ञान शोधत फिरणारा एकाच मुळाचे. अंमल तर विचारूच नका, होळकरांचा अंमल तोही अंमल आणि भांगेचा चढतो तोही अंमल. मूळ शब्दाचा अर्थ नुसता काम, कृती. राजस्थानकडे आणि आपल्या माळव्यात खेड्यांत अफूलाच अमल म्हणतात. माझी आजी सांगायची की बाळ रडायला लागलं की मोहरीच्या दाण्याएवढी अफू चाटवायचे आणि बायका कामाला लागायच्या. ती हे इतक्या सहज सांगायची की मला फार उशिरा कळलं, तेव्हा कुठे हबकले.

आता इंदूर. मी पोस्टमध्ये लिहिलं होतं, 'येनमागची अफू आपल्या इंदूरहून गेली'. हे वाक्य चूक. झोकात लिहिलं गेलं. माळव्याची अफू चीनला गेली हे पक्कं, बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती पण माळवा होळकर-शिंद्यांचा आणि इतर संस्थानांचा, तिथे कंपनीला थेट हात घालता येईना, म्हणून व्यापारी माल पोर्तुगीजांच्या दमणहून नाहीतर कराचीमार्गे बाहेर काढायचे. शेवटी कंपनीने मुंबईहून न्यायला परवाना आणि पेटीमागे कर अशी सोय केली, १८४३ मध्ये सिंध इंग्रजांनी घेतलं आणि कराचीची वाट बंद झाली. एका पेटीत साठेक किलो. इंदूरला सरकारचा अफू एजंट बसायचा. सेठ हुकुमचंदांचं नाव आपल्याला काचमंदिर आणि मिलमुळे माहीत, पण त्यांच्या पैशात अफूच्या सौद्यांचा वाटा मोठा. तिकडे मुंबईत जमशेटजी जीजीभॉय, तेही याच मालाचे व्यापारी. १९०७ मध्ये चीनशी अफू कमी करत नेण्याचा करार झाला आणि १९१३ मध्ये तिकडची निर्यात थांबली.

पण चूक कुठे झाली सांगते. माळव्याची अफू जास्त करून शांघायकडे, उत्तरेला खपायची, दक्षिणेला कंपनीच्या पाटण्याच्या मालाचं नाव मोठं. आणि येन तर दक्षिणेचा, कँटोनीज शब्द. कॅलिफोर्नियातल्या त्या मजुरांच्या नळीत मंदसौरकडच्या शेतातलं काही असेलच असं मी छातीठोक म्हणायला नको होतं. वाक्य काढलंय, तिथे 'काकांच्या कमेंटनंतर दुरुस्ती' असं लिहिलंय.

मात्र 'उगाच' हा शब्द मी परत करते. शाळेत आम्हाला अफूचं युद्ध शिकवलं तेव्हा नकाशावर लंडन होतं, कँटन होतं, फार तर कलकत्ता. इंदूरच्या सराफ्यात रात्री गराडू (तळलेला कंद) खाताना, सियागंजच्या बाजारातून जाताना कुणाच्या डोक्यात येत नाही की या बाजाराला पैसा कशाने आला. आजही नीमच-मंदसौरला सरकारी पट्ट्यावर खसखशीची शेतं उभी असतात, डोड्याला चिरा मारून चीक खरवडतात, लोक त्याला काला सोना म्हणतात. तिकडे तलफ होती ती इथल्या शेतांवर पोसली जात होती, शब्द कुठल्या बंदरातून गेला ते काही असो.

राहिली इंग्रजीची हौस. आहे. मला शब्दांची येन आहे म्हणा. पण हुरहुर हा तिचा अर्थ म्हणून चालणार नाही, हुरहुर संध्याकाळी दारात बसून लागते, कशाची ते कळतही नाही. येनला कशाची ते पक्कं माहीत असतं आणि ते आत्ता हवं असतं. माझं मत विचाराल तर मराठीत त्याला तलफच. तुम्हाला दुसरा शब्द सुचत असेल तर खाली लिहा, आणि या वेळी नाव पण लिहा.