समृद्धीवर गाडी अडते, चालक अडत नाही

समृद्धी महामार्गावर दुचाकी, ऑटो, ट्रॅक्टर आणि बैलबंडी यांना प्रवेश नाही, यावरून आमच्या कारंजा भागात पारावर अजूनही वाद रंगतो. "जमीन आमची गेली अन् रस्ता त्यायचा झाला," हे वाक्य त्या वादात कोणीतरी हमखास उच्चारतो, आणि दहा जिल्ह्यांतल्या 392 गावांतून गेलेल्या 701 किलोमीटरच्या या रस्त्यासाठी ज्यांच्या सातबाऱ्यावरचे क्षेत्र कमी झाले त्यांच्या तोंडी ते शोभतेही. तरीही मी या वादात बंदीच्या बाजूने बोलतो आणि त्यापायी घरच्यांचेही टोमणे ऐकून घेतो. माझी तक्रार वेगळी आहे. इंटरचेंजवर, म्हणजे महामार्गावर चढण्या-उतरण्याच्या ठिकाणी, आपण गाडी कोणत्या प्रकारची आहे एवढेच पाहतो, ती चालवणाऱ्या माणसाकडे कोणी पाहतच नाही, आणि म्हणून हा नियम योग्य असूनही अर्धाच राहिला आहे.

आधी बंदीबद्दल, कारण तिच्यामागे श्रीमंत-गरीब असा भेद आहे ही समजूत फार पक्की झाली आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115 नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याच्या स्वरूपामुळे एखाद्या वर्गातील वाहनांना विशिष्ट रस्त्यावर मनाई करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. 2002 मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही दुचाकी आणि ट्रॅक्टरला मनाईच आहे, म्हणजे विदर्भातल्या शेतकऱ्याला हिणवण्यासाठी हा नियम नव्याने काढला गेला, असे म्हणता येत नाही. खरे कारण वेगातल्या फरकात आहे. समृद्धीवर मोटारीला ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे, म्हणजे ती सेकंदाला सुमारे 33 मीटर जाते. कापसाने भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर ताशी 25 ने चालला तर सेकंदाला सातच मीटर पुढे सरकतो. दोघांमध्ये 200 मीटर अंतर असताना मागच्याला ट्रॉली दिसली, तर ते अंतर साडेसात सेकंदांत संपते. त्यातही समोरची वस्तू चालते आहे की उभी आहे, हे कळायलाच यातले पहिले दोन-तीन सेकंद जातात. आपल्याकडच्या किती ट्रॉल्यांना मागचा दिवा असतो आणि असलेल्यांपैकी किती लागतात, हे हंगामात रात्री जिनिंगच्या रस्त्याने गेलेल्याला सांगायला नको.

हाच हिशेब शंभर सीसीच्या मोटारसायकलला लागू होतो. मागे बायको, मध्ये लेकरू, पुढे टाकीवर बियाण्याची पिशवी अशी गाडी साठ-सत्तरच्या पुढे जात नाही आणि जाऊही नये. तिच्या अंगावरून कंटेनर गेला की त्याच्या वाऱ्यानेच ती हेलकावे खाते.

मात्र ही बंदी चाकांच्या संख्येवरून ठरावी की क्षमतेवरून, हा प्रश्न उरतोच. जर्मनीत ऑटोबानवर येण्यासाठी वाहनाची रचनेनुसार कमाल गती ताशी 60 किलोमीटरपेक्षा जास्त असावी लागते, आणि ती अट पूर्ण करणारी मोटारसायकल तिथे बिनदिक्कत चालते. ब्रिटनमध्ये पादचारी, सायकलस्वार, घोडेस्वार, शेतीची वाहने आणि 50 सीसीखालच्या मोटारसायकली यांना मोटारवेवर प्रवेश नाही. मोठ्या मोटारसायकलला आहे. आपल्याच देशात ग्रेटर नोएडा ते आग्रा या यमुना द्रुतगती मार्गावर दुचाकी टोल भरून जाते. तेव्हा दुचाकीवरची सरसकट बंदी हा निसर्गनियम नाही, तो धोरणाचा निर्णय आहे आणि त्यावर चर्चा व्हायला हरकत नाही. ताकदीची मोटारसायकल सोडावी असे उद्या ठरले तर मी विरोध करणार नाही; फक्त आमच्या पंचक्रोशीत तसली गाडी क्वचितच कोणाकडे असेल, त्यामुळे पारावरचा वाद त्याने मिटणार नाही.

तो वाद मिटेल समांतर रस्त्याने. बंगळुरू-म्हैसूर महामार्गावर 1 ऑगस्ट 2023 पासून दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टरना मुख्य मार्गावर मनाई झाली, तेव्हा शेजारच्या सर्व्हिस रोडने जाण्याची सोय त्यांना उपलब्ध होती. आमच्याकडे ट्रॅक्टरवाल्याच्या वाट्याला जुना रस्ता आणि अंडरपास आले. जुना कारंजा-शेलूबाजार-मालेगाव रस्ता आहे, तो चालतोही. पण शेत महामार्गाच्या एका बाजूला आणि गाव दुसऱ्या बाजूला असलेल्या माणसाचा खरा रस्ता म्हणजे तो अंडरपास. परतीच्या पावसात सोयाबीन काढून ट्रॉलीवर ताडपत्री बांधलेला शेतकरी तिथे येऊन थांबतो तेव्हा समोर गुडघाभर गढूळ पाणी असते. एक जण काठी घेऊन पाण्यात उतरतो, मधोमध खड्डा कुठे आहे ते चाचपतो, हात वर करतो, मग ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये घुरघुरत आत शिरतो, आणि त्याच वेळी डोक्यावरच्या स्लॅबवरून गाड्या सुसाट धडधडत जात असतात. या माणसाला वेगातल्या फरकाचे गणित सांगायला जाणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे. ज्या वर्गाच्या वाहनांना मनाई करायची त्यांच्यासाठी बारमाही, पाणी न साचणारा पर्यायी मार्ग असल्याची खात्री त्याच अधिसूचनेत द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कुंपण तोडून ढोरे आत सोडणाऱ्यांचे मी समर्थन करत नाही, पण पाण्यातून ट्रॉली काढून दमलेल्या माणसाला कुंपणाविषयी आदर वाटावा अशी अपेक्षा तरी कोणत्या तोंडाने करायची?

आता चालकाकडे येऊ. 1 जुलै 2023 च्या रात्री सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि 25 माणसे जळून गेली. त्या मार्गावर चालायला त्या प्रकारच्या वाहनाला पूर्ण मुभा होती. समृद्धीवरचे जे भीषण अपघात आपल्या लक्षात राहिले आहेत ते प्रवेश असलेल्या वाहनांचे आहेत. ट्रॅक्टर आणि बैलबंडी तर तिथे नव्हत्याच. मग प्रवेशाच्या नियमाने आणखी काय तपासायला हवे?

थोडेसे तपासले गेलेही. अपघात वाढल्यावर परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर पाहायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. मोटारीच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर खोल असावी हा नियम आधीपासूनच आहे; मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या आसपास असताना तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास पळणाऱ्या टायरसाठी तो किती महत्त्वाचा आहे, हे त्या तपासणीने लोकांना पहिल्यांदा समजले. पण टायर पाहणाऱ्या अधिकाऱ्याला खिडकीतल्या माणसाने हा परवाना गेल्या आठवड्यात मिळवला आहे की वीस वर्षांपूर्वी, याच्याशी काही देणेघेणे नव्हते, कारण कायद्याला ते नाही.

आपल्याकडे 18 वर्षे पूर्ण झाली, शिकाऊ परवान्याची मुदत भरली, चाचणीत गाडी पुढे-मागे नीट घेतली, की पक्का परवाना हाती पडतो. तो गावातल्या बोळात जेवढा चालतो तेवढाच समृद्धीवर चालतो. माझ्या पुतण्याने परवाना हातात पडताच पहिला लांबचा प्रवास समृद्धीवरूनच पुण्याचा केला. तोवर त्याने साठच्या वर गाडी नेली होती ती कारंजा-मूर्तिजापूर रस्त्यावर, तीही मी शेजारी बसून ओरडत असताना. मालवाहू गाड्यांचे तर आणखी पुढचे आहे. हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस 7,500 किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे मालवाहू वाहनही चालवू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. छोट्या गाडीवाल्यांच्या पोटापाण्याच्या दृष्टीने तो योग्यच म्हणावा लागेल. पण त्यामुळे संत्र्याच्या क्रेट भरलेली पिकअप घेऊन रात्री निघालेल्या मुलाने भरलेल्या गाडीचा ब्रेक किती लांब लागतो हे कधी, कुठे आणि कोणाकडून शिकावे, हा प्रश्न अधिकच टोकदार झाला.

इतर देशांनी यावर काय केले ते पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये शिकाऊ मोटारचालकांना मोटारवेवर अजिबात प्रवेश नव्हता. तिथल्या धोरणकर्त्यांना उमगले की जो माणूस शिकताना तो रस्ता पाहतच नाही, तो परवाना मिळाल्यावर एकटाच त्यावर उतरतो. म्हणून 4 जून 2018 पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षक शेजारी असेल आणि गाडीला दुहेरी ब्रेक-क्लच असेल तर शिकाऊ चालकाला मोटारवेवर शिकता येते. फ्रान्समध्ये नवख्या चालकाला साधारणपणे पहिली तीन वर्षे ताशी 130 ऐवजी 110 ची मर्यादा पाळावी लागते. दोन्ही नियम चालकाचा अनुभव मोजतात, आणि दोन्हींना फार मोठा खर्च नाही. आपल्याकडे परवान्याची नोंद संगणकावर आहे आणि फास्टॅग गाडीला आहे. परवान्याला एक वर्ष पूर्ण न झालेल्या चालकासाठी समृद्धीवर 90 ची मर्यादा घालणे, आणि नागपूर, अमरावती, वाशीम, बुलढाण्यातल्या ड्रायव्हिंग स्कूलना दुहेरी नियंत्रणाच्या गाडीत त्या मार्गावर एक सराव फेरी बंधनकारक करणे, एवढे तर सहज जमण्यासारखे आहे. मार्गिका कशी बदलायची, उजवी मार्गिका ओव्हरटेक करून सोडून द्यायची असते, आणि डुलकी येऊ लागली की पुढच्या थांब्यावर गाडी घ्यायची, एवढे जरी त्या एका फेरीत कोणी सांगितले, तरी आज जे कुणीच सांगत नाही ते सांगितले जाईल.

रात्रीच्या बसबाबत मात्र एवढ्याने भागणार नाही. मोटार परिवहन कामगार कायद्याने 1961 सालीच दिवसाला आठ तासांचे काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती, आणि सलग, सरळ, एकसुरी रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्याला या दोन गोष्टींची गरज घाटरस्त्यापेक्षा जास्त आहे, कारण घाट माणसाला जागे ठेवतो. चालक किती तासांपासून बसला आहे हे प्रवेशाच्या वेळी विचारावे, आणि दुसरा चालक नसलेल्या लांब पल्ल्याच्या बसला टायर गुळगुळीत असलेल्या गाडीसारखेच परत पाठवावे. ज्या इंटरचेंजवर माझ्या गावच्या ट्रॅक्टरवाल्याला थांबवण्यासाठी माणूस उभा असतो, तिथे हे विचारायलाही तोच माणूस पुरेसा आहे.