पुलाच्या अंदाजपत्रकात खालच्या पाण्याला जागा का नसते?

जुने पूल पाडून नवे बांधण्याला माझा विरोध नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण या विषयावर काहीही लिहिले की खाली पहिली प्रतिक्रिया "तुम्हाला विकासच नको" अशी येते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल अंगावर उभ्या असलेल्या पर्यटकांसह खाली आला. धोकादायक पूल वेळेत उतरवलेच पाहिजेत. माझा आक्षेप त्या पाच-सात महिन्यांपुरता आहे, ज्यांत जुना पूल पाडला जातो आणि नवा उभा राहतो. त्या काळात सिमेंटच्या गोणीपासून सळईच्या किलोपर्यंत सगळ्याचा हिशेब असतो, पण ज्याच्यावरून पूल जातो त्या पाण्याच्या नावाने अंदाजपत्रकात एक ओळही नसते. मी स्वतः स्थापत्य अभियंता म्हणून बरीच वर्षे अंदाजपत्रके तयार करण्याच्या कामात होते, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही.

ठाण्यात पूल म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर कळव्याचा पूल किंवा वाशीचा खाडीपूल येतो. मोठ्या पुलांच्या बाबतीत निदान कागद तरी हलतात. किनारा नियमन क्षेत्राची परवानगी लागते, आणि खारफुटी तोडायची असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार न्यायालयात जाऊन सार्वजनिक हित सिद्ध करावे लागते. खरी अडचण लहान पुलांची आहे. येऊरच्या डोंगरातून उतरणारे ओढे घोडबंदर रस्त्याखालून जाऊन उल्हासच्या खाडीला मिळतात. पारसिकच्या डोंगरावरचे पाणी एका बाजूला कळवा-मुंब्र्याकडे आणि दुसऱ्या बाजूला ऐरोली-रबाळे-घणसोलीकडे उतरते. पनवेलच्या बाजूला गाढी नदी आहे. या सगळ्यांवर रस्ता रुंद झाला की मोऱ्या आणि लहान पूल बदलले जातात. हे काम इतके किरकोळ समजले जाते की पर्यावरणाचा प्रश्न कुणी काढला, तर समोरचा माणूस आपण काहीतरी गंमत केल्यासारखा हसतो.

नुकसान कशाने होते, हे आधी नीट समजून घ्यायला हवे. पहिला आणि सर्वांत मोठा दोषी म्हणजे गाळ. खोदकामाची माती पाण्यात गेली तर ती खाली बसेल, त्यात काय एवढे, असे वाटते. रेतीच्या बाबतीत हे खरे आहे. संथ पाण्यात दशांश मिलिमीटर जाडीचा रेतीचा कण एक मीटर खोल जायला दोन मिनिटे घेतो. दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चिकणमातीचा कण मात्र तेवढेच अंतर तीन दिवसांहून अधिक वेळाने कापतो, तेही पाणी पूर्ण स्थिर असेल तर. वाहत्या ओढ्यात तो बसतच नाही. तो खाली खाडीपर्यंत जातो, खारे पाणी लागले की असे कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात, आणि मग ते नेमके खाडीच्या तोंडाशी, चिखलपट्ट्यांवर आणि खारफुटीच्या मुळांत बसतात. तिवराची जमिनीतून वर डोकावणारी श्वसनमुळे पाहिली असतील. ती हवेसाठीच वर आलेली असतात. त्यांच्यावर गाळाचा जाड थर बसला की झाड उभ्याउभ्या मरते. कुऱ्हाड लागली तर प्रत्येक झाडाची मोजणी होते. गाळाने मेलेल्या झाडाची नोंद कुठेही होत नाही.

हा गाळ येतो कुठून? पुलाच्या पायाच्या खोदकामातून थोडाफार येतो, पण माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त येतो तो तात्पुरत्या भरावातून. वाहतूक वळवण्यासाठी किंवा क्रेन उभी करण्यासाठी ओढ्यात तीन-चार ह्यूमपाइप, म्हणजे काँक्रीटचे मोठे नळ, टाकतात आणि त्यांच्यावर मुरूम ढकलून रस्ता करतात. हिवाळ्यात पाणी कमी असते, पाइपांतून जाते, सगळे ठीक चालते. मे महिना संपत आला की काम लांबलेले असते, स्लॅबची घाई असते, आणि भराव काढायला ना वेळ असतो ना कुणाला इच्छा असते. घोडबंदर पट्ट्यातल्या एका ओढ्यावर असाच भराव जूनच्या तोंडावर तसाच पडलेला पाहून मी साइटवरच्या सुपरवायझरला विचारले, तेव्हा तो अगदी निरागसपणे म्हणाला, "मॅडम, तो काढायला कशाला पाहिजे? पहिल्या पावसात आपोआप जाईल." आणि तो गेलाही. एका रात्रीत अर्धा भराव गायब झाला, पाइप उघडे पडले आणि खालच्या वळणावर मुरमाचे बेट तयार झाले.

याचा हिशेब मांडून पाहा. वीस मीटर लांब, सरासरी सहा मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच भराव म्हणजे तीनशे घनमीटर माल होतो. एका डंपरमध्ये पंधरा घनमीटर धरले तर वीस डंपर झाले. वीस डंपर मुरूम दिवसाढवळ्या ओढ्यात ओतताना कुणी दिसला तर आपण पोलिसांना फोन करू, पण तेच काम पावसाने केले की ते नैसर्गिक ठरते. यातला सर्वांत संतापजनक भाग म्हणजे पुढच्या वर्षी नालेसफाईच्या निविदेत त्याच गाळाचे पैसे आपण पुन्हा देतो. मुरूम टाकण्याचे पैसे एका ठेकेदाराला, काढण्याचे दुसऱ्याला, आणि मध्ये कुणाच्या तरी तळमजल्यात पाणी शिरते ते वेगळेच.

यावर एक ठरलेला प्रतिवाद असतो: "अहो, नालाच आहे तो, आधीच घाण आहे, त्यात आणखी काय बिघडणार?" प्रतिवाद पूर्ण खोटा नाही. वस्तीतून पुढे गेलेल्या नाल्यात सांडपाणी असते आणि त्याची जबाबदारी पूल बांधणाऱ्यावर टाकता येणार नाही. पण म्हणूनच मोजमाप दोन ठिकाणी घ्यायचे असते. कामाच्या जागेच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक, असे पाण्याच्या गढूळपणाचे वाचन एकाच वेळी घ्यावे. दोन्हींतला जो फरक येईल तेवढीच त्या कामाची देणगी. वरचे पाणी कितीही घाण असले तरी हा फरक लपत नाही, आणि ठेकेदारावरही दुसऱ्याच्या घाणीचे खापर फुटत नाही. गढूळपणा मोजणारे हातात मावणारे यंत्र पोकलेनच्या आठवड्याभराच्या भाड्यात येते.

शिवाय हे पाणी कुठे जाते तेही पाहायला हवे. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली खाडीला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून तिची नोंद झाली. आपण हिवाळ्यात ऐरोलीला जाऊन त्या पक्ष्यांचे फोटो काढतो. ते पक्षी चोचीने उथळ पाणी गाळून त्यातले शेवाळ आणि बारीक जीव खातात, म्हणजे त्यांचे जेवणच त्या चिखलाच्या वरच्या पातळ थरावर अवलंबून आहे. विटावा-कळव्याच्या बाजूला आजही कुणी पाग टाकताना दिसतो, चिंबोऱ्या आणि निवट्या विकणाऱ्या बायका दिसतात. त्यांचे पोट त्याच चिखलावर चालते. आणि ज्यांना पक्षी आणि मासे दोन्हींशी देणेघेणे नाही, त्यांच्यासाठी एवढेच सांगते की ठाण्याला येणाऱ्या पाण्यापैकी काही उल्हास नदीतून शहाडजवळ उचलले जाते. कर्जत-बदलापूरकडच्या ओढ्यांवर पूल बदलताना गेलेला गाळ त्याच पाण्यात येतो, आणि पाणी जितके गढूळ तितकी शुद्धीकरण केंद्रात तुरटी जास्त लागते.

दुसरा दोषी गाळापेक्षा कमी दिसतो आणि जास्त मारतो. तो म्हणजे ओल्या काँक्रीटचे पाणी. मिक्सरची गाडी काँक्रीट ओतून रिकामी झाली की चालक मागची घसरंडी पाइपने धुतो, कारण ती वाळली तर फोडून काढावी लागते. ते राखाडी पाणी बहुतेक वेळा सरळ उतारावरून ओढ्यात जाते. सिमेंटच्या त्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-क्षारतेचे माप, बारा ते तेराच्या आसपास असतो. नद्या-नाल्यांत सोडायच्या पाण्यासाठी आपल्याकडे पीएच साडेपाच ते नऊ अशी मर्यादा घातलेली आहे, आणि पीएचच्या मापात एक अंक म्हणजे दहापट फरक, तेव्हा बारा म्हणजे मर्यादेच्या हजारपट क्षारता. माशांचे कल्ले अशा पाण्यात जळतात. पावसाळ्यात ओढा दुथडी असताना ते विरघळून जाईल, पण काम चालते ते जानेवारी ते मेमध्ये, जेव्हा ओढ्यात घोट्याएवढे पाणी आणि मध्ये मध्ये डोह असतात. अशा डोहाच्या काठच्या दगडांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसला तर समजावे की इथे गाड्या धुतल्या गेल्या आहेत. उपाय हास्यास्पद वाटावा इतका सोपा आहे: ओढ्यापासून दूर एक खड्डा खणून त्यात जाड प्लास्टिक अंथरायचे, तिथेच गाड्या धुवायच्या, पाणी सुकले की उरलेला चुरा उचलून न्यायचा. सुपरवायझरच्या खिशात पीएच मोजायच्या कागदी पट्ट्यांची डबी ठेवली की झाले.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. पाइल, म्हणजे पायाचे खोल खांब, खोदताना वापरतात ते बेंटोनाइट या बारीक मातीचे द्रावण टाकीत परत घ्यायचे असते. ते सांडले तर तळाशी साबणासारखा थर बसवते आणि खालचे जीव गुदमरतात. जुना स्लॅब ब्रेकरने फोडताना खाली मचाण आणि जाळी हवी, राडारोडा पाण्यात पडता कामा नये. जुन्या लोखंडी पुलांच्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो खरवडताना खाली ताडपत्री हवी. जनरेटर आणि पंपाखाली तेल झेलायला पत्रा हवा. मजुरांसाठी शौचालय हवे, आणि हे कुणाला सांगावे लागते याचीच मला लाज वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. हे सगळे नियमांत नाही असे नाही. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या रस्ते व पुलांच्या कामांच्या तपशील पुस्तिकेत कलम १११ पर्यावरणाच्या काळजीविषयी आहे आणि कलम ३०६ तर खास मातीची धूप व गाळ रोखण्याविषयीच आहे. संबंधित काम सुरू करण्यापूर्वी ठेकेदाराने या उपायांचे वेळापत्रक अभियंत्याकडून मंजूर करून घ्यावे, असे त्यात अपेक्षित आहे. निविदेत "सर्व काम या तपशिलानुसार" असे एक वाक्य टाकले की कागदोपत्री हे सगळे त्यात आले. पण ठेकेदार तपशील पुस्तिका वाचून दर भरत नाही. तो शेड्यूल बी पाहतो, म्हणजे निविदेतली कामाच्या बाबी, परिमाणे आणि दरांची यादी. त्यात खोदकाम आहे, काँक्रीट आहे, सळई आहे, बेअरिंग आहे. गाळ अडवण्याची बाब नाही, म्हणजे तिचा दर नाही, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत तिची नोंद होणार नाही, म्हणजे बिलात ती येणार नाही. मग सर्वांत कमी दर भरून काम मिळवलेल्या माणसाने ती पदरमोड करून करावी, अशी आपली अपेक्षा असते. मी ठेकेदाराला खलनायक मानत नाही. ज्याने प्रामाणिकपणे हा खर्च धरून दर भरला, तो निविदेतच बाद झाला असता.

म्हणून माझी मागणी एका वाक्याची आहे: प्रत्येक पूल आणि मोरीच्या शेड्यूल बीमध्ये पाण्याच्या संरक्षणाच्या स्वतंत्र बाबी घाला. तात्पुरता बंधारा घालून कोरड्यात काम करण्याची बाब, उपसलेले गढूळ पाणी थेट न सोडता टाकीत निवळवण्याची बाब, गाड्या धुण्याच्या खड्ड्याची बाब, आणि वर-खाली गढूळपणाच्या नोंदींची बाब. तात्पुरता भराव ३१ मेपूर्वी संपूर्ण काढून नेण्याची बाब तर वेगळीच हवी, आणि तो काढल्याचे छायाचित्र व मोजमाप असल्याशिवाय त्या बाबीचा एक रुपयाही देऊ नये. गाळ रोखणारे तरंगते पडदे घ्यायचेच असतील तर खाडीत संथ जागी घ्यावेत. जोरात वाहणाऱ्या पाण्यात ते टिकत नाहीत, आणि घोट्याएवढ्या ओढ्यात पिवळा पडदा लावणे हा फक्त फोटोचा कार्यक्रम आहे. अशा बाबींचा खर्च पुलाच्या एकूण रकमेत फार मोठा नसतो. नालेसफाईच्या बिलाशेजारी ठेवला तर तो खर्च वाटणारही नाही.

यात वेळेचाही मोठा भाग आहे. आपल्याकडे कार्यारंभ आदेश बहुधा दिवाळीनंतर निघतो, मग वाहतूक पोलिसांची परवानगी, मग वीज-पाण्याच्या वाहिन्या हलवणे, आणि प्रत्यक्ष पाया खोदायला फेब्रुवारी उजाडतो. पाण्यातले काम संपवून भराव काढायला जो अवधी हवा तो आधीच खाल्लेला असतो. पावसाळ्यातच कागद पूर्ण करून ऑक्टोबरमध्ये ओढ्यात उतरले, तर अर्धा प्रश्न कोणत्याही यंत्राशिवाय सुटेल.

तुमच्या परिसरात सध्या एखादी मोरी किंवा पूल बदलला जात असेल, तर माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा: कामाचे शेड्यूल बी, कलम ३०६ खाली मंजूर झालेले गाळनियंत्रणाचे वेळापत्रक, आणि तात्पुरता भराव काढल्याची मोजमाप पुस्तिकेतील नोंद. दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्यावर बहुधा "निरंक" असे उत्तर येईल. ते उत्तर जपून ठेवा आणि प्रभागातल्या पुढच्या पुलाच्या अंदाजपत्रकाला तांत्रिक मंजुरी मिळण्याआधी शहर अभियंत्यांना पत्रासोबत जोडून द्या, कारण मंजुरी झाल्यावर नवी बाब कुणी घालत नाही.