सड्यावरची चित्रं आणि ती जपणारी माणसं

कोकणातली कातळशिल्पं, म्हणजे कातळावर कोरलेली जुनी चित्रं, शोधून जपणाऱ्या निसर्गयात्री संस्थेच्या रिसबूड, मराठे सरांवरचा लेख वाचला, खूप बरं वाटलं. आमच्याही सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, अशी कातळशिल्पं आहेत, गुरं चारायला जायचो तेव्हा आजी म्हणायची पांडवांनी एका रात्रीत काढलीत, बास, त्यापलीकडे कोणी विचारलंच नाही. आणि ही माणसं आपापली कामं सांभाळून, पदरचं पेट्रोल जाळून गावोगाव गुराख्यांना विचारत फिरली म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीचा तो अठरा मीटरचा कोरलेला हत्ती, उक्षी, बारसूची शिल्पं २०२२ ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. पण यादीत नाव आलं म्हणून बांधकामाचे चिरे कापणाऱ्या खाणीचं मशीन थांबत नाही हो, जांभा एकदा कापला की चित्र गेलंच. सडा बहुतेक खाजगी मालकीचा, त्यामुळे जमीनवाल्याला समजावणं हेच खरं काम आणि ते हे लोक करतायत. उक्षीला शिल्प जपायला गावानेच पुढाकार घेतला, तसं आमच्याकडे व्हायला हवं, मे महिन्यात गावी गेलो की वाडीच्या बैठकीत विषय काढणारच.