काका, जर्मनीत पण सगळ्या आत्याच आहेत

फॅमिली ग्रुपवर परवा परत पेटलं. आत्या सुनेसाठी येवल्याला हातमागाची पैठणी बघायला गेली, किंमत ऐकली आणि सेमी पैठणी घेऊन घरी आली. झालं, काका सुरू, आपल्याला कलेची कदरच नाही, जर्मनीत बघा बशीसुद्धा अजून हाताने रंगवतात, आणि मला टॅग केलं कारण मी ड्रेस्डेनला राहते आणि चिनीमातीच्या भांड्यांचं गाव माइसेन इथून ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासावर.

रंगवतात हो, खरंय. 1710 पासूनचा कारखाना आहे. तिथली ती निळी नक्षी ग्लेझच्या, म्हणजे काचेसारख्या चकचकीत लेपाच्या, आधी काढतात, बशी टीपकागदासारखी रंग पिते, ब्रश चुकला की चुकला, पुसायची सोयच नाही. मी बघत उभी राहिले तर अर्धा तास हलले नाही. (त्या नक्षीला इथे कांदा म्हणतात, खरं तर चिनी बशीवरची डाळिंबं उतरवलेली, आणि आपण तर चिनीमातीच म्हणतो!)

पण काका, हे कदरीवर नाही चाललं. इथल्या सॅक्सनीच्या ऑगस्ट राजाला पोर्सलिनचं, म्हणजे चिनीमातीच्या भांड्यांचं, इतकं वेड की 1717 साली शेजारच्या प्रशियाच्या राजाला 600 सैनिक देऊन 151 चिनी नग घेतले. त्याआधी सोनं बनवतो म्हणणाऱ्या बोटगरला कोंडून ठेवून त्याच्याकडून पोर्सलिन करून घेतलं होतं. मग ब्र्यूल नावाच्या मंत्र्यासाठी हंसांचा डिनर सेट, 1737 पासून चारेक वर्षं काम, दोन हजारांवर नग, घासायला किती माणसं लागत असतील देव जाणे. पुढे राजा गेला, कम्युनिस्ट आले, तेही गेले, पण आजही मालक सॅक्सनी राज्यच, आणि तोटा आला की पैसे सरकारी तिजोरीतून गेलेत.

साधा माणूस काय करतो? आमच्या शेजारच्या आजी नातीला अख्खा सेट देत होत्या, नात म्हणाली डिशवॉशरला चालत नाही, नको. शनिवारी एल्बेकाठच्या जुन्या बाजारात असल्या घरोघरच्या बश्या मांडलेल्या असतात, लोक त्यातही घासाघीस करतात.

त्यामुळे आत्याला बोलू नका. विणकर एका साडीवर महिनोन्महिने बसतो, ते महिने कोण भरणार एवढाच प्रश्न आहे. इथे आधी राजाने भरले, मग सरकारने. आपल्याकडे सरकारकडे मागा ना, का आत्याच्या पर्सकडे बघताय?

आणि काकूंना दिवाळीत घेतलेली पैठणी, तिची पावती टाका बघू ग्रुपवर.