रानफुलांच्या कुरणाला खत घालू नका

“उद्यानातील हिरवळीवर भरपूर खत पसरा, रानफुलांचे मिश्र बी उधळा आणि कापणी कायमची बंद करा; वर्षभरात कुरण फुलेल, पुढे काहीही करावे लागणार नाही,” असा संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. माझ्या धाकट्या बहिणीने तो मला पाठवला, तोवर तिच्याबरोबरच्या स्वयंसेवकांनी खताची मागणीही नोंदवली होती, म्हणून हे तातडीने लिहीत आहे.

यातला खताचा सल्ला सर्वांत घातक आहे. खतातले नत्र (नायट्रोजन) मिळाले की जोमदार गवते झपाट्याने उंच होतात आणि त्यांच्या सावलीत बुटकी रानफुले प्रकाशावाचून मरतात. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १८५६ पासून एकाच कुरणाच्या तुकड्यांवर खतांचा प्रयोग चालू आहे. तिथे खत न दिलेल्या तुकड्यांवर आजही तीसहून अधिक जातींच्या वनस्पती आढळतात. उलट अमोनियायुक्त नत्र भरपूर दिलेल्या आणि मातीची आम्लता कमी करणारा चुना न मिळालेल्या तुकड्यांवर जेमतेम एकदोन गवते उरली आहेत. दीडशे वर्षांहून अधिक काळाचा हा पुरावा असताना असा सल्ला निर्धास्तपणे पुढे पाठवला जातो, याचा मला संताप येतो. शिवाय खतातले स्फुरद (फॉस्फरस) एकदा मातीत गेले की वर्षानुवर्षे टिकते. त्यामुळेच कुरण उभारणारे जाणकार पुष्कळदा वरचा सुपीक थर खरवडून काढतात.

बियांविषयी थोडक्यात सांगायचे, तर दाट हिरवळीवर उधळलेले बी मातीपर्यंत पोहोचतच नाही. आधी गवत अगदी खुरटे कापून जागोजागी माती उघडी करावी लागते. बहुवार्षिक रानफुले पहिल्या वर्षी मुख्यतः मुळे आणि पाने धरतात, त्यामुळे वर्षभरात बहर येण्याचे आश्वासनही फोल आहे.

कापणीबाबत मात्र अर्धे सत्य मान्य करावे लागेल: दर आठवड्याला यंत्र फिरवल्यास फुलांना बी धरायला अवधी मिळत नाही. पण कापणी कायमची थांबवली, तर काही वर्षांत तिथे झुडपे माजतात. बी पिकल्यावर वर्षातून एकदा कापावे, बी गळण्यासाठी गवत काही दिवस तिथेच वाळू द्यावे आणि मग ते उचलून न्यावे. जागेवर कुजू दिले, तर त्याचेच खत होते.

खत अजून पसरले नसेल, तर ते गुलाबाच्या वाफ्यांना द्यावे. पसरले असेल, तर बी विकत घेण्याची घाई न करता पुढील काही हंगाम गवत कापून उचलत राहावे.